भिंतीला कान कधी आले? वायफायच्या सिग्नलचा इतिहास

लोकेशन म्हटलं की आपल्याला उपग्रह आठवतो. पण जीपीएसचे उपग्रह फिरतात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून निघालेला सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की स्लॅबखाली त्याचं फारसं काही चालत नाही. तरीही मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर फोनमधला निळा ठिपका बऱ्यापैकी बरोबर जागी दिसतो. हे कसं जमलं, याचा इतिहास साधारण ३५ वर्षांचा आहे. तो फक्त इंजिनिअर मंडळींसाठी नाही, त्यात नागरिक म्हणून आपलाही एक प्रश्न आहे. पोस्ट जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात इंग्लंडमधल्या केंब्रिजची. १९९० च्या आसपास ऑलिव्हेटी रिसर्च लॅबमध्ये रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी 'अ‍ॅक्टिव्ह बॅज' बनवला. कर्मचाऱ्याच्या खिशाला लावायचा बिल्ला. तो दर १५ सेकंदांनी टीव्हीच्या रिमोटसारखा न दिसणारा प्रकाश सोडायचा आणि खोलीतलं यंत्र तो टिपायचं. कुणाचा फोन आला की तो माणूस कोणत्या खोलीत आहे ते रिसेप्शनला कळायचं. अडचण एकच: ठिकठिकाणी वेगळी यंत्रं बसवावी लागायची. आणि सोय अशी, की बिल्ला काढून टेबलावर ठेवला की तुम्ही मोकळे.

मग आलं वायफाय. २००० साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या परमवीर बहल आणि व्यंकट पद्मनाभन (हे पुढे बंगळूरुच्या प्रयोगशाळेत आले) यांनी 'रडार' नावाची पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं: इंटरनेटसाठी डबे बसवलेलेच आहेत, मग त्यांच्याच सिग्नलच्या जोरावरून माणूस शोधू या.

गावाकडचं उदाहरण देतो. डोळे बांधून तुम्हाला गावात कुठेतरी उभं केलं. देवळाची घंटा मोठ्याने ऐकू येतेय, गिरणीचा भोंगा बारीक येतोय. तुम्ही लगेच सांगाल, आपण देवळाच्या आळीत आहोत. इथे घंटेच्या जागी वायफायचा डबा, एवढंच.

पण इमारत म्हणजे मोकळं मैदान नव्हे. भिंतीत सिग्नल जिरतो, लोखंडी कपाटावरून उलटतो. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, तेही सिग्नल शोषतं. त्यामुळे नुसत्या सूत्राने अंतर काढलं तर गोंधळ होतो. म्हणून त्यांनी सुमारे ९८० चौरस मीटरच्या एका मजल्यावर ७० जागा ठरवल्या. प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून तीन डब्यांशी सिग्नल किती जोराचा येतो ते नोंदवलं आणि तक्ता केला. पुढे नवं मोजमाप आलं की ते तक्त्यातल्या कोणत्या जागेशी जुळतं ते बघायचं. निम्म्या वेळा चूक ३ मीटरच्या आत राहिली. एखाद्या खोलीएवढी! आजही ही पद्धत 'फिंगरप्रिंटिंग' म्हणून शिकवली जाते.

आता खरी गोम बघा. 'रडार'मध्ये लॅपटॉप आवाज द्यायचा आणि डबे ऐकायचे. म्हणजे कोण कुठे आहे हे इमारतीला कळायचं. त्याच २००० साली एमआयटीमध्ये हरी बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'क्रिकेट' नावाची व्यवस्था नेमकी उलटी केली. तिथे भिंतीवरची यंत्रं बोलायची आणि हातातलं यंत्र ऐकून आपली जागा स्वतःच काढायचं. ती पद्धत रेडिओ आणि अतिध्वनीची होती, पण मुद्दा तत्त्वाचा होता: ऐकणार कोण?

हा प्रश्न पुढे बाजाराने स्वतःच्या सोयीने सोडवला. स्कायहुक नावाच्या कंपनीने शहरोशहरी गाड्या फिरवून कुठे कोणता वायफाय डबा आहे याच्या नोंदी केल्या. जानेवारी २००८ मध्ये अ‍ॅपलने आयफोनसाठी त्या वापरल्या. आता आजूबाजूच्या डब्यांची यादी फोनने कंपनीला पाठवायची आणि कंपनीने जागा सांगायची. मे २०१० मध्ये गूगलने मान्य केलं, की त्यांच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांनी पासवर्ड नसलेल्या वायफायवरचा मजकूरही गोळा केला होता.

२०१३ मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या काही कचरापेट्या येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन मोजताना सापडल्या. बोंबाबोंब झाली आणि प्रशासनाने ते थांबवायला लावलं. त्याच शहरात २०१६ च्या शेवटी भुयारी रेल्वेच्या ५४ स्टेशनांवर चार आठवडे वायफायवरून प्रवाशांच्या वाटा अभ्यासल्या गेल्या. किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू या एकाच प्रवासासाठी लोक १८ वेगवेगळ्या वाटा वापरतात असं निघालं. गर्दीचं नियोजन करायला ही माहिती सोन्यासारखी. फरक एवढाच, की इथे आधी फलक लावले होते आणि नको असेल तर फोनचं वायफाय बंद करा असं सांगितलं होतं.

हे तंत्र वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये नियम आला, की आपत्कालीन कॉल करणाऱ्याची उंची ८० टक्के कॉलमध्ये ३ मीटरच्या आसपास कळली पाहिजे. वीस मजली टॉवरमध्ये कुणी कोसळलं तर रुग्णवाहिकेला गेट सापडून काय उपयोग, मजला नको कळायला?

पण त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी आरोग्य सेतू घेतलं. त्यात दोन फोन जवळ आले की नाही हे ब्लूटूथवरून ठरायचं. त्याच वर्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी ट्राममध्ये चाचणी केली. धातूच्या डब्यात सिग्नल इतका उलटसुलट होतो, की लांबचा फोन कधीकधी जवळच्यापेक्षा जोरात ऐकू येतो असं दिसलं. आपल्या लोकलचा डबाही पत्र्याचाच असतो हे लक्षात घ्या. सिग्नलचा जोर हा अंदाज आहे, पंचनामा नव्हे. उद्या कुणाला क्वारंटाइन करताना किंवा कोर्टात पुरावा म्हणून ठेवताना हे विसरून चालणार नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. तेव्हा सार्वजनिक पैशातून मोफत वायफाय येईल तिथे आपण आपल्या नगरसेवकांना, अधिकाऱ्यांना तीन साधे प्रश्न विचारूया. हे डबे फक्त इंटरनेट देतात, की आमच्या जागेच्या नोंदीही ठेवतात? ठेवत असतील तर किती दिवस आणि कुणाकडे? आणि तसा फलक मराठीत, दिसेल असा कुठे लावलाय?

केंब्रिजच्या त्या कर्मचाऱ्याला निदान बिल्ला काढून ठेवता येत होता. फोन काढून ठेवून आज आपण घराबाहेर पडू शकतो का?