फक्त ६२ लढवय्ये! तरीही ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या मॉर्मंट घराण्याचा एवढा दरारा का?

(मालिका किंवा पुस्तकं बाकी असतील तर सावधान, पुढे स्पॉयलर आहेत.)

२०१६ साली आलेल्या सहाव्या सीझनमधला प्रसंग. जॉन स्नो, सान्सा आणि डाव्होस सैन्य मागायला बेअर आयलंडवर जातात. गादीवर बसलेली असते दहा वर्षांची लियाना मॉर्मंट. बरीच उलटतपासणी घेऊन ती मदतीला तयार होते. पण किती माणसं देणार? ६२. जॉनचा चेहरा पडतो. लियाना मात्र ठणकावून सांगते की, आमच्या बेटावरचा एक गडी तुमच्याकडच्या दहांना भारी आहे.

ही नुसती बढाई नव्हती. त्यामागे या बेटाची रोजची जगण्याची लढाई आहे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या काल्पनिक वेस्टेरॉसमध्ये उत्तरेचा कारभार विंटरफेलच्या स्टार्क घराण्याकडे आहे आणि मॉर्मंट त्यांचे मांडलिक. म्हणजे स्टार्कांनी हाक दिली की माणसं आणि शस्त्रं घेऊन हजर व्हायचं. बेअर आयलंड मुळात स्टार्कांकडे आलं कसं, याची दंतकथाही भारी आहे: रॉड्रिक स्टार्क या राजाने म्हणे ते कुस्तीत जिंकलं.

बेट थंड, दुर्गम आणि गरीब. मॉर्मंटांचा ‘किल्ला’ म्हणजे मोठमोठ्या ओंडक्यांचा वाडा आणि भोवती मातीचा तट. गावातले पुरुष मासेमारीला समुद्रात गेलेले असताना आयर्नबॉर्न लुटारूंच्या होड्या किनाऱ्याला लागायच्या. कधी पलीकडच्या गोठलेल्या किनाऱ्यावरून वाइल्डलिंग यायचे. मग घर आणि पोरं वाचवायची कुणी? अर्थात बायकांनी.

वाड्याच्या दारावर याचंच कोरीवकाम आहे: अस्वलाचं कातडं पांघरलेली बाई, एका हातात अंगावर पिणारं बाळ, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. त्यामुळे इथे बाईने लढणं हे बंड वगैरे नाही, घरकामाइतकंच नेहमीचं आहे. पुस्तकातल्या डेसी मॉर्मंटला बाहुल्यांच्या वयात काटेरी गदा मिळाली होती. पुढे ती रॉब स्टार्कच्या अंगरक्षकांत होती आणि रेड वेडिंगमध्ये मारली गेली. तिची बहीण अॅलिसेन तर आपल्या मुलांचा बाप अस्वल असल्याचं बिनधास्त सांगते. नवऱ्याची चौकशी तिथेच संपते!

पण या घराण्याला मोठा डाग लावला तो एका पुरुषाने.

जिओर मॉर्मंटने गादी मुलाला, म्हणजे जोराला, सोपवली आणि तो नाइट्स वॉचमध्ये गेला. जोराने ग्रेजॉयांच्या बंडात पराक्रम गाजवून नाइट हा किताब मिळवला, लॅनिस्पोर्टची स्पर्धा जिंकली आणि श्रीमंत हायटॉवर घराण्यातल्या लायनेसशी लग्न केलं. तिचा थाट मासे आणि लाकडावर जगणाऱ्या बेटाला झेपणारा नव्हता. कर्ज वाढलं. शेवटी जोराने पकडलेल्या चोरट्या शिकाऱ्यांना गुलामांच्या व्यापाऱ्याला विकलं. वेस्टेरॉसमध्ये गुलामगिरीला बंदी आहे. नेड स्टार्क त्याचं मुंडकं उडवायला निघाला आणि जोरा परदेशात पळाला.

इथे मांडलिकत्वाची दुसरी बाजू दिसते. मालकाला फक्त सैन्य मागायचा हक्क नसतो, मांडलिकाला शिक्षा द्यायचाही असतो. तरीही मॉर्मंट फिरले नाहीत. जिओरची बहीण मेज गादीवर बसली आणि रॉबने हाक दिली तेव्हा स्वतः युद्धावर गेली.

पळताना जोराने एक गोष्ट मात्र मागे ठेवली: लाँगक्लॉ, पिढ्यानपिढ्या चालत आलेली व्हॅलिरियन पोलादाची तलवार. जिओरने ती पुढे जॉन स्नोला दिली आणि मुठीवरच्या अस्वलाच्या जागी लांडगा आला. सातव्या सीझनमध्ये जॉन ती परत देऊ करतो, तेव्हा जोरा नाकारतो.

२०१९ च्या ‘द लाँग नाइट’ या भागात लियाना राक्षसी देहाच्या मृत जायंटला मारून स्वतः मरते आणि त्याच रात्री डेनेरिसला वाचवताना जोराही जातो. पुस्तकांत मात्र लियाना अजून समोर आलेलीच नाही. तिथे ती भेटते फक्त स्टॅनिसला पाठवलेल्या एका पत्रातून. स्टार्क सोडून दुसरा राजा आम्हाला ठाऊक नाही, असं तिने त्यात कळवलं आहे.