एका शहरातले दोन पाऊस



आपल्या बहरीनमध्ये अख्ख्या वर्षात साधारण ७० ते ८० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मुंबईत कुलाबा वेधशाळेने जवळपास तेवढाच पाऊस मोजला. जुलैतल्या मुंबईला त्याचे काय अप्रूप? पण तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, सांताक्रूझला, त्याच चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला.

तुमच्यापैकी अनेकांना तो दिवस आठवत असेल. इथून फोन फिरवून बोटे दुखली, तरी घरचा फोन लागेना.

त्या दुपारी पावसाने जोर धरला, त्यातच समुद्राला भरती आली. मिठी नदीचे पाणी उतरायला जागाच उरली नाही. दक्षिण मुंबईत कचेरीत बसलेल्या माणसाला मात्र खिडकीतून नेहमीचाच पाऊस दिसत होता. तो नेहमीसारखा घरी निघाला आणि वाटेत अडकला. उपनगरांत काय चालले आहे, हे त्याला वेळेवर सांगणारे कुणी नव्हते. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली.

पुढे राज्य सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. कुठे किती पाऊस पडतो आहे, हे दर पंधरा मिनिटांनी कळू लागले. १२ जून २०२० रोजी 'आयफ्लोज-मुंबई' ही पूर्वसूचना यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती आणि जमिनीचा चढउतार यांचा मेळ घालून कोणत्या भागात पाणी भरेल, याचा अंदाज ती आधी देते.

पण अंदाज संगणकात असून भागत नाही. तो तळमजल्यावरच्या आजींपर्यंत पोहोचायला हवा. तिथे आजही माणूसच लागतो. मुंबई असो, चिपळूण असो की सांगली, इशाऱ्याची बातमी कधीकधी आई-बाबांच्या आधी आपल्याच मोबाइलवर येते. म्हणून त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर आजच लिहून ठेवा. पाणी चढलेच तर कुणाच्या वरच्या मजल्यावर जायचे, तेही आताच ठरवून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर फोन लागेलच असे नाही.

काळजी घ्या. पुन्हा भेटूच!