पश्चदर्शी आरसा
पश्चदर्शी आरसा : चालकास मागील व बाजूचा रस्ता दिसावा म्हणून वाहनावर बसविलेला आरसा. प्रारंभी मागे लक्ष ठेवण्याचे काम सोबतचा माणूस करी. ब्रिटिश मोटारचालक डॉरथी लेव्हिट यांनी १९०९ मध्ये आपल्या पुस्तकात त्यासाठी हातात धरावयाचा लहान आरसा सुचविला. इंडियानापोलिस येथील १९११ ची ५०० मैलांची (सु. ८०५ किमी.) शर्यत रे हॅरून याने यंत्रज्ञाऐवजी आरसा घेऊन जिंकली, मात्र हादऱ्यांमुळे त्यात काहीच दिसत नव्हते, असे त्याने पुढे सांगितले.

सपाट आरशात अंतराचा अंदाज बरोबर येतो, पण दृष्टिक्षेत्र अरुंद असते. बहिर्वक्र आरसा अधिक क्षेत्र दाखवितो. परंतु त्यात मागील वाहन लहान व म्हणून दूर भासते. दोन्ही असूनही चालकाच्या खांद्यामागील काही भाग दृष्टीआड राहतो. महाराष्ट्रात गाडी मागे घेताना मालमोटारीचा क्लीनर वा एस. टी.चा वाहक ही उणीव भरून काढीत आला आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत त्यासाठी संवेदक सक्तीचे झाले.

धावत्या वाहनास मात्र यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. मेहकर (जि. बुलढाणा) तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेथे ताशी १२० किमी. वेगाची मोटार सेकंदात सु. ३३ मी. अंतर कापते. त्यामुळे मार्गिका बदलण्यापूर्वी आरशाबरोबरच बाजूस ओझरती नजर टाकणेही आवश्यक ठरते.