जर्मनीतील उच्च शिक्षण व पदवीरचना
जर्मनीत उच्च शिक्षण हा प्रामुख्याने सोळा घटक राज्यांच्या अखत्यारीतील विषय असून बहुसंख्य विद्यार्थी शासकीय संस्थांत शिकतात. विद्यापीठप्रवेशासाठी सामान्यतः ‘आबिटूर’ ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा प्रशियात १७८८ मध्ये सुरू झाली.

सध्याच्या जर्मनीतील सर्वांत जुने विद्यापीठ हायडल्‌बर्गचे (१३८६) होय. तथापि आधुनिक व्यवस्थेला वळण लावले, ते १८१० मध्ये सुरू झालेल्या बर्लिन विद्यापीठाने. त्याचे प्रवर्तक व्हिल्हेल्म फोन हुंबोल्ट (१७६७–१८३५) यांनी अध्यापन व संशोधन यांची एकात्मता आणि अध्यापक व विद्यार्थी यांचे स्वातंत्र्य ही तत्त्वे पुरस्कारिली. या संशोधनपरंपरेमुळे परदेशी विद्यार्थीही जर्मनीकडे आकृष्ट झाले. इरावती कर्वे यांनी १९३० मध्ये बर्लिन येथेच डॉक्टरेट संपादन केली.

जुन्या पदवीरचनेत या तत्त्वांचेच प्रतिबिंब होते. विज्ञान व अभियांत्रिकी यांत ‘डिप्लोम’, मानव्यविद्यांत ‘मागिस्टर’ आणि वैद्यक, विधी व शिक्षकी पेशा यांसाठी शासकीय परीक्षा असे. या सर्वांस दीर्घ काळ लागे. मध्यंतरीची परीक्षा असली, तरी ती पदवी नव्हती. त्यामुळे वाटेत शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती काहीच पडत नसे. डॉक्टरेटनंतर ‘हाबिलिटात्सिओन’ ही प्राध्यापकपदाची पात्रता मिळवावी लागे. २००२ पासून कनिष्ठ प्राध्यापकपदाचा पर्यायी मार्ग उपलब्ध झाला. व्यवसायाभिमुख शिक्षणासाठी पश्चिम जर्मनीतील राज्यांनी १९६८ च्या करारान्वये ‘फाखहोखशूले’ या संस्था निर्माण केल्या.

१९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यावर एकोणतीस यूरोपीय देशांनी सह्या केल्या. तदनुसार बॅचलर (तीन ते चार वर्षे), मास्टर (एक ते दोन वर्षे) व डॉक्टरेट असे तीन स्तर आले. वैद्यक व विधी यांत मात्र शासकीय परीक्षा मुख्यत्वे टिकून आहे. नव्या रचनेमुळे पहिली पदवी लवकर मिळू लागली व ती अन्य देशांत समजणे सुलभ झाले. परंतु ठरावीक श्रेयांक व वारंवारच्या परीक्षा यांमुळे हुंबोल्टप्रणीत अध्ययनस्वातंत्र्य संकोचले, असा आक्षेप घेतला जातो.

शुल्काचा प्रश्नही असाच वादग्रस्त ठरला. २००५ मध्ये संघीय घटना न्यायालयाने शुल्कबंदीचा केंद्रीय कायदा रद्द केल्यावर काही राज्यांनी शुल्क आकारले. मात्र विरोधामुळे २०१४ पर्यंत ते सर्वत्र मागे घेतले गेले. बाडेन-वुर्टेम्‌बेर्क राज्याने २०१७ मध्ये यूरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर पुन्हा शुल्क बसविले.