पावसाची गाणी निवडताना जाणकार नेमकं काय बघतात?

जून लागला, पहिली सर आली की फोनवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे कांदाभजीचे फोटो आणि दुसरी 'पावसाची दहा सदाबहार गाणी'. गंमत अशी की यादी कोणीही केलेली असो, त्यातली निम्मी गाणी तीच असतात.

कारण साधं आहे. बहुतेक जण 'पाऊस' किंवा 'बरसात' हा शब्द टाकून शोधतात आणि समोर येईल ते उचलतात. गाण्यांवर नेमाने लिहिणारे ब्लॉगर मात्र एखादा विषय घेतात तेव्हा वेगळ्या वाटेने जातात. ही वाट कोणती, ते पावसाच्याच उदाहरणाने समजून घेऊया.

ही पद्धत आली कुठून?

विषय घेऊन गाणी गुंफण्याचं काम इंटरनेटच्या कितीतरी आधी रेडिओने केलं. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तिच्यावर रात्री दहाला लागणारं 'छायागीत' अनेकांच्या झोपण्याच्या वेळेशी जोडलेलं आहे. त्यात श्रोत्यांची फर्माईश नसते. निवेदक स्वतः एखादा विषय किंवा भाव धरतो, त्याला साजेशी गाणी निवडतो आणि मधल्या चार वाक्यांनी ती एका धाग्यात ओवतो. ठरलेल्या वेळात मोजकीच गाणी बसतात, त्यामुळे प्रत्येक गाण्याला तिथे असण्याचं कारण लागतं. चांगला ब्लॉगरही हाच हिशेब करतो.

शब्द बघायचा की प्रसंग?

'श्री ४२०' (१९५५) मधलं एका छत्रीखालचं राज कपूर आणि नर्गिस यांचं गाणं आठवा. हिंदी सिनेमातला पाऊस म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर आधी हेच दृश्य येतं. पण शैलेंद्र यांनी लिहिलेल्या त्या गाण्यात पावसाचं नावही नाही! शब्द टाकून शोधणाऱ्याला ते सापडणारच नाही.

याच्या उलटही होतं. कित्येक गाण्यांत 'सावन' हा शब्द नुसता यमकापुरता येतो.

मग ओळखायचं कसं? एक सोपी कसोटी आहे. गाण्यातून पाऊस काढून टाकला तर काही बिघडतं का? 'श्री ४२०'मध्ये पाऊस नसता तर छत्री नसती आणि छत्री नसती तर ते दोघं इतके जवळ आले नसते. म्हणजे ते गाणं पावसाचंच.

विषय जितका नेमका, तितकी यादी चांगली

'पाऊस' हा विषय फार मोठा आहे. त्याचे तुकडे केले की नेहमीच्या यादीत न दिसणारी गाणी वर येतात.

*न आलेला पाऊस:* 'गाइड' (१९६५) मध्ये सचिन देव बर्मन यांनी स्वतःच्या आवाजात पाण्यासाठी देवाला हाक घातली आहे. 'लगान' (२००१) मध्ये जावेद अख्तर आणि ए. आर. रहमान यांच्या गाण्यात अख्खं गाव ढग बघून नाचतं आणि ढग न बरसताच निघून जातात. या गाण्यांना 'रोमँटिक पाऊस' म्हणून भज्यांच्या फोटोखाली लावणं म्हणजे गाण्याचा अर्थच पुसणं.

*शेतातला पाऊस:* 'दो बिघा जमीन' (१९५३) मध्ये सलील चौधरी यांच्या चालीवर शेतकरी आनंदाने गातात. पुढे त्याच शेतकऱ्याची जमीन धोक्यात येते, हे माहीत असलं की तो आनंद वेगळाच ऐकू येतो. मराठीत ना. धों. महानोर हे नाव इथे टाळता येत नाही. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्यात शेती करणारा हा कवी. 'जैत रे जैत' (१९७७) मधलं त्यांचं 'नभ उतरू आलं' आशा भोसले यांनी गायलं आणि संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं आहे.

*आठवणीतला पाऊस:* मंगेश पाडगावकर, यशवंत देव आणि अरुण दाते या तिघांचं 'भेट तुझी माझी स्मरते' घ्या. यातला पाऊस आत्ता पडत नाही. तो त्या एका रात्री पडून गेला आहे.

*रागातला पाऊस:* 'गुड्डी' (१९७१) मध्ये वसंत देसाई यांनी मियाँ मल्हार वापरला आणि वाणी जयराम यांचा आवाज हिंदी श्रोत्यांच्या घराघरात पोचला. इथे विषय धरायचा तो सुरांवरून.

एकाच गाण्याची दोन रूपं

बासू चटर्जी यांच्या 'मंझिल' (१९७९) मध्ये 'रिमझिम गिरे सावन' दोनदा येतं. किशोर कुमार यांच्या आवाजातलं घरातल्या मैफलीत आहे. लता मंगेशकर यांच्या आवाजातलं मुंबईच्या खऱ्या पावसात, अमिताभ बच्चन आणि मौसमी चटर्जी भिजत फिरतात तेव्हाचं आहे. संगीतकार राहुल देव बर्मन एकच, गीतकार योगेश एकच. पण विषय 'मुंबईचा पाऊस' असेल तर लताबाईंचंच रूप हवं. यादीत नुसतं गाण्याचं नाव लिहून भागत नाही, कोणतं रूप तेही सांगावं लागतं.

कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर?

निवड झाली की क्रम लावायचा. आधी वाट पाहणं, मग पहिली सर, मग भिजणं आणि शेवटी आठवण, असा क्रम लावला की यादीची गोष्ट होते. सलग तीन गाणी एकाच गायकाची किंवा एकाच लयीची आली तर ऐकणारा कंटाळतो. दोन गाणी एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातलं एक वगळायचं, भले ते कितीही आवडतं असो. इथेच अनेकांचा हात अडतो.

सर्वांत महत्त्वाचं काम: नावं तपासणं

'बरसात की रात' (१९६०) मधलं 'गरजत बरसत' हे गौड मल्हारातलं गाणं सुमन कल्याणपूर आणि कमल बारोट यांनी गायलं आहे. सुमनताईंचा आवाज ऐकून 'लता' असं लिहून मोकळं होणारे आजही भेटतात. 'आनंद' (१९७१) ची गाणी योगेश आणि गुलजार या दोघांनी लिहिली आहेत. तिथे अंदाजाने नाव टाकलं की एकाचं श्रेय दुसऱ्याला जातं.

जुन्या रेकॉर्डवरचं नावही दर वेळी कामाला येत नाही. 'महल' (१९४९) च्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर लता मंगेशकर यांच्याऐवजी 'कामिनी' हे पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं. म्हणूनच कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी संकलित केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' जाणकार जवळ ठेवतात. चित्रपटाची श्रेयनामावली आणि असा कोश जुळला, की मगच नाव लिहायचं. कोणीतरी टाकलेल्या व्हिडिओचं शीर्षक हा पुरावा नव्हे.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण पोस्ट कॉपी होते आणि चूकही तिच्यासोबत फिरते. गायकाचा आवाज निदान ऐकू येतो, पडद्यावरचा चेहरा दिसतो. गीतकार मात्र नाव लिहिलं तरच कळतो. गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतला न्याय्य वाटा मिळावा म्हणून २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आपल्या पोस्टमध्ये त्यांचं नाव बरोबर लिहायला तर एक ओळ पुरते.

आणि हो, पूर्ण गाणं उतरवून काढू नका. आपल्याकडे लेखनावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गाण्याबद्दल तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा आणि अधिकृत दुवा द्या.

तुम्हाला यादी करायची असेल तर...

- विषय एका वाक्यात लिहा. 'पाऊस' नको, 'उशिरा आलेला पाऊस' चालेल.
- वीस गाणी जमवा, सात ठेवा.
- प्रत्येक गाणं का घेतलं ते एका वाक्यात सांगता येतं का बघा. सांगता येत नसेल तर ते काढा.
- गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा अल्बम आणि साल, हे पाचही तपशील तपासून लिहा.
- निदान एक गाणं असं ठेवा, जे वाचणाऱ्याने याआधी ऐकलं नसेल.

पुढच्या वेळी 'सदाबहार गाण्यांची' पोस्ट आली की पुढे पाठवण्याआधी त्यात गीतकारांची नावं आहेत का, तेवढं बघा. नसतील तर शोधून लिहा आणि मगच पाठवा.