का (शब्द)

का हा 'क्' हे व्यंजन आणि 'आ' हा स्वर मिळून झालेला एकाक्षरी शब्द असून तो अनेक भाषांत वेगवेगळ्या अर्थांनी आढळतो. मराठीत तो प्रश्नार्थक अव्यय आहे, तर प्राचीन इजिप्तच्या भाषेत जीवनशक्तीचे नाव. हे शब्द उच्चाराने सारखे असले तरी त्यांपैकी बहुतेकांचा एकमेकांशी संबंध नाही.

प्राचीन इजिप्त

इजिप्शियन समजुतीनुसार 'का' ही माणसासोबत जन्मणारी जीवनशक्ती होय. लक्सरच्या मंदिरातील एका शिल्पपटात ख्नूम हा देव कुंभाराच्या चाकावर बाल राजा तिसरा आमेनहोतेप व त्याचा 'का' घडविताना दाखवला आहे. मृत्यूनंतरही 'का'ला अन्नपाण्याची गरज असते, असे मानले जाई. म्हणून थडग्यातील नैवेद्य मृताच्या 'का'ला उद्देशून अर्पण केला जात असे. मानवी मुखाच्या पक्ष्याच्या रूपात दाखविला जाणारा 'बा' हा याहून वेगळा मानला जाई.

'का'चे चित्रलिपीतील चिन्ह म्हणजे वर उचललेले दोन हात. दहशूर येथे १८९४ साली सापडलेल्या होर राजाच्या लाकडी पुतळ्याच्या मस्तकावर हेच चिन्ह आहे. हा पुतळा कैरो येथील संग्रहालयात ठेवण्यात आला.

इजिप्शियन लिपीत स्वर लिहिले जात नसल्यामुळे 'का' हा उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी रूढ केलेला आहे. मेंफिस येथील मंदिराचे 'हुत-का-प्ताह' (प्ताह देवाच्या 'का'चे निवासस्थान) हे नाव इ.स.पू. १४व्या शतकातील अमार्ना पत्रांत 'हिकुप्ताह' असे येते. तेथे 'का'च्या जागी 'कु' दिसतो. याच नावापासून ग्रीक 'ऐग्युप्तोस' व पुढे 'इजिप्त' हे नाव आले, असे मानले जाते.

भारतीय भाषा

* मराठी : कारण विचारण्यासाठी ('का गेलास?'), होकार-नकाराच्या प्रश्नाच्या शेवटी ('येतोस का?') आणि 'किंवा' या अर्थाने ('चहा का कॉफी?'). जुन्या लेखनात 'कां' असे रूप आढळते.
* संस्कृत : 'किम्' या सर्वनामाचे स्त्रीलिंगी प्रथमा एकवचन, अर्थ 'कोण'.
* हिंदी : संबंधदर्शक ('राम का घर'). त्याची व्युत्पत्ती सामान्यतः संस्कृत 'कृत' या शब्दापासून मानली जाते.
* खासी : मेघालयातील या भाषेत नामापूर्वी येणारे स्त्रीलिंगदर्शक उपपद. सूर्य स्त्रीलिंगी असल्याने त्याला 'का स्ङी' म्हणतात.

इतर भाषा

* जपानी : वाक्याच्या शेवटी येणारे प्रश्नदर्शक अव्यय, तसेच दोन नामांमध्ये 'किंवा'. 'का' या नामाचा अर्थ डास असाही होतो.
* हवाईयन : एकवचनी निश्चित उपपद.
* टागालोग : 'तू'.

उच्चारसाम्य आणि भाषांचे नाते

मराठी व जपानी 'का' यांचा वापर प्रश्न आणि विकल्प या दोन्ही बाबतींत जुळतो. तरीही या भाषा एका कुळातील नाहीत आणि हे साम्य योगायोगाचे आहे. याउलट, मराठी व हिंदी एकाच कुळातील असूनही त्यांच्या 'का'ची मुळे भिन्न आहेत. मराठी 'का' हा संस्कृत 'किम्', 'कः' यांच्यातील प्रश्नार्थक 'क'शी निगडित आहे. त्यामुळे भाषांचे नाते ठरविताना एखाद्या लहान शब्दाच्या साम्यापेक्षा अनेक शब्दांत नियमाने आढळणाऱ्या ध्वनिसंगतींना महत्त्व दिले जाते.