हुतात्मा चौकातील दोन शिल्पे

रोडपालीहून कामगार बंधूंना घेऊन आम्ही मुंबईस जातो, तेव्हा हुतात्मा चौकात थांबल्यावाचून परतत नाही. तेथे फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे कारंजे आहे, १८६४ साली बांधलेले. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला होता. कापूस पिकविणारा शेतकरी आणि घाम गाळणारा कामगार मात्र शिल्परूपाने तेथे आले ते पुष्कळ नंतर, हाती मशाल घेऊन! त्यासाठी आधी मरावे लागले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या मोर्चावर याच परिसरात गोळीबार झाला. चळवळीत शंभरावर बळी पडले, तेव्हा कोठे १ मे १९६० उजाडला. लोक पुष्पदेवता पाहून पुढे जातात. आम्ही सोबत्यांना हुतात्म्यांची नावे मोठ्याने वाचावयास सांगतो. त्यांत गिरणीत राबणारे, आपल्यासारखेच, पुष्कळ आहेत.